एक अखंड उडी: स्नोबोर्डिंगच्या जाहिरातीचे चित्रीकरण आणि संकलन

एरंडवण्यातल्या एका लहानशा कक्षात गेली अकरा वर्षे मी जाहिरातपटांचे संकलन करते आहे, आणि निर्मितीखर्च बेताचा असेल तेव्हा कॅमेराही मीच चालवते. ट्रॅक्टर, पाण्याच्या टाक्या, दागिने, मॅरेथॉन असे विषय हाताखालून गेले होते. बर्फ मात्र कधीच नव्हता. २०२३ च्या दिवाळीनंतर पुण्यातल्याच एका कपडे-उत्पादकाने कडाक्याच्या थंडीसाठी तयार केलेल्या नव्या जॅकेटची ३० सेकंदांची जाहिरात करायची आहे आणि तीत स्नोबोर्डिंग, म्हणजे एका फळीवर दोन्ही पाय बांधून बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा खेळ, हवे आहे असे सांगितले, तेव्हा होकार देण्याआधी मी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत मिळतील तितक्या स्नोबोर्डिंगच्या जाहिराती मी फ्रेम-फ्रेम थांबवून पाहिल्या. एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकत राहिली. स्नोबोर्डर उडी घेतो, हवेत असतानाच शॉट तुटतो, मग गॉगलचा क्लोजअप, मग आकाश, आणि पुढच्या शॉटमध्ये तो सुखरूप उतारावर असतो. तो खरोखर उतरला का, हे कुणीच दाखवत नाही, आणि ज्या क्षणी ते दाखवले जात नाही त्या क्षणी पाहणाऱ्याचा विश्वास सुटतो. पहिल्याच बैठकीत मी माझी एकच अट लिहून दिली: एक उडी, तिची सुरुवात आणि तिचे जमिनीवर टेकणे, एकाच शॉटमध्ये, मध्ये कट न करता. पुढचे सगळे निर्णय या अटीशी बांधले गेले.

तयारी पुण्यातच करावी लागणार होती. घराच्या गच्चीवर जुनी चादर अंथरून तिच्यावर मी चार किलो पांढरी रांगोळी पसरली आणि मधोमध भाच्याचा शेंदरी स्वेटर ठेवला. दुपारच्या उन्हात रांगोळीचे कण बर्फासारखेच चमकतात. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरने सुचवलेल्या एक्स्पोजरवर, म्हणजे आत घ्यायच्या प्रकाशाच्या मापावर, ती रांगोळी सिमेंटसारखी राखाडी दिसू लागली. कारण सरळ आहे: समोरचे दृश्य सरासरी १८ टक्के प्रकाश परावर्तित करते असे मीटर गृहीत धरतो, आणि ताजा बर्फ तर ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे मीटर त्याला काळवंडून टाकतो. दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवल्यावर पांढरा रंग पांढरा झाला. मग मी रांगोळीत बोटाने एक रेघ ओढली आणि एक्स्पोजर थोडे थोडे वाढवत नेले. एका टप्प्यावर ती रेघ दिसेनाशी झाली. त्या रेघेनेच मला पुढच्या सगळ्या कामाचे माप दिले, कारण बोर्डच्या पोलादी कडेने उतारावर उमटणारी रेघ नेमकी अशीच असते आणि ती नाहीशी झाली की वेगही नाहीसा होतो. उरतो तो पांढऱ्या कागदावर तरंगणारा माणूस.

वेताळ टेकडीवर भाच्याला सायकलवरून चार-पाच वेळा उतरायला लावले आणि त्याच्या मागे कॅमेरा फिरवण्याचा सराव केला. तिथे आणखी एक गोष्ट कळली. डोळ्यांना चांगला तीव्र वाटणारा उतार वाइड लेन्सने वरून पाहिला की मैदानासारखा सपाट होतो. बाजूने, थोड्या लांबच्या लेन्सने आणि चौकटीत एखादे उभे झाड ठेवून घेतला, तरच त्याची तिरकी रेषा जाणवते. चित्रीकरणाच्या जागी, काश्मीरमधल्या गुलमर्गच्या देवदारांनी पुढे हे काम चोख केले.

चित्रीकरण जानेवारीत ठरले होते. पण जानेवारी २०२४ च्या मध्यावर गुलमर्गचे उतार बर्फाविना तपकिरी दिसत होते आणि चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधले थंडीचे सर्वांत कडक ४० दिवस, जवळपास कोरडेच सरले. आम्ही तारीख फेब्रुवारीत नेली. आम्ही चौघे निघालो: मी, माझा कॅमेरा-सहायक, निर्मिती सांभाळणारी एक मैत्रीण आणि ग्राहक कंपनीच्या विपणन विभागाच्या मॅडम. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात चेक-इन सामानात देता येत नाहीत, आणि १०० वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी न्यायची तर विमान कंपनीची मंजुरी लागते. म्हणून ९८ वॉट-तासांच्या बॅटऱ्या आम्ही टर्मिनलला टेप लावून हातातल्या बॅगांमध्ये वाटून घेतल्या. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिमकार्ड तिथे चालत नाही, हे आधीच ठाऊक असल्याने पोस्टपेड क्रमांक घेतला होता. टंगमर्गपासून वर गाडीच्या चाकांना साखळ्या बांधल्या.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथला गोंडोला, म्हणजे केबल कार, पहिल्या टप्प्यात कोंगडोरीला आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवत शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. ५६० मीटरवरच्या पुण्यातून गेलेल्या माणसाला वरच्या टप्प्यावर कॅमेऱ्याची पिशवी उचलून वीस पावले चालली तरी दम लागतो, म्हणून पहिला पूर्ण दिवस आम्ही फक्त रेकीसाठी, म्हणजे जागेच्या पाहणीसाठी, ठेवला. स्थानिक गाइडने सकाळी हिमस्खलनाच्या धोक्याचा त्या दिवसाचा इशारा वाचून दाखवला आणि आम्हा सर्वांना छातीवर बांधायचे ट्रान्सीव्हर दिले. कुणी बर्फाखाली गाडले गेले तर ४५७ किलोहर्ट्झवरचा याचा संदेश पकडून इतर लोक त्याला शोधतात. मग त्यांनी सांगितले की, फोन, कॅमेरा, कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण ट्रान्सीव्हरपासून किमान २० सेंटीमीटर दूर हवे, आणि शोध सुरू असताना ५० सेंटीमीटर. स्नोबोर्डरच्या छातीच्या खिशात वायरलेस माइकचा ट्रान्समीटर ठेवून बोर्डचा आणि श्वासाचा आवाज जागेवरच टिपायचा, ही माझी योजना तिथेच संपली. जाहिरातीच्या आवाजासाठी माणसाच्या जिवाच्या उपकरणात अडथळा आणणे मला शक्यच नव्हते. हा आवाज पुढे पुण्यात तयार करावा लागला, त्याविषयी नंतर. नियंत्रण रेषा जवळ असल्याने ड्रोनचा विचारही आम्ही पुण्यातच सोडून दिला होता, आणि त्याची उणीव मला जाणवली नाही.

रेकीच्या दिवशीच दुसरी मोठी गोष्ट उलगडली. आमचा स्नोबोर्डर काश्मिरी तरुण होता, आणि तो डावा पाय पुढे ठेवून घसरणारा. या खेळात अशा उभे राहण्याला रेग्युलर म्हणतात आणि उजवा पाय पुढे असेल तर गूफी. डावा पाय पुढे असलेल्या माणसाची छाती नेहमी त्याच्या प्रवासाच्या उजव्या बाजूला वळलेली असते. म्हणजे तो पडद्यावर डावीकडून उजवीकडे गेला तरच जॅकेटची पुढची बाजू, झिप आणि छातीवरचे बोधचिन्ह दिसणार. उजवीकडून डावीकडे गेला तर फक्त पाठ. पुण्यात काढलेल्या स्टोरीबोर्डमध्ये उडी उजवीकडून डावीकडे होती. संध्याकाळी हॉटेलच्या टेबलावर मी आणि मॅडमनी मिळून सगळा स्टोरीबोर्ड उलटा काढला. हे आम्हाला जागेवर कळले, तेही त्या मुलाने बाइंडिंगमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या पट्ट्यांमध्ये, पाय अडकवून दाखवला तेव्हा. ही चौकशी फोनवर एका वाक्यात होऊ शकली असती.

चित्रीकरणाचा पहिला दिवस ढगाळ निघाला. ढगाळ प्रकाशात बर्फावर सावलीच पडत नाही, त्यामुळे खड्डा, उंचवटा, जुनी रेघ यांतले काहीच दिसत नाही. कॅमेऱ्यालाच नव्हे, स्नोबोर्डरलाही. तो म्हणाला की, आपण पुढे जातो आहोत की थांबलो आहोत, हेसुद्धा अशा वेळी कळत नाही. आम्ही उडी रद्द केली आणि झाडांमधले जवळचे शॉट घेतले: हातमोजा झिप ओढतो, बाइंडिंगचा पट्टा कर्र आवाज करत आवळला जातो, कॉलरवर श्वासाची वाफ जमते. त्याच संध्याकाळी आमच्या हातून एक चूक झाली. माझ्या सहायकाने थंडगार कॅमेरा थेट बुखारीजवळच्या, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीजवळच्या, खुर्चीवर ठेवला आणि पाच मिनिटांत लेन्सच्या आतल्या काचेवर धुके धरले. "ताई, पुसून काढू का?" असे तो विचारत होता, पण आतले पाणी पुसता येत नाही, ते वाळण्याची वाट पाहावी लागते. पुढच्या दिवसांत आम्ही बाहेरच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकायचो आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ती पिशवी उघडायचो नाही. बॅटऱ्यांचा प्रश्न नेमका उलटा: पुण्यात दोन तास चालणारी बॅटरी तिथे तासाभरात मान टाकत असे, म्हणून त्या अंगाला लागून असलेल्या आतल्या खिशात ठेवायच्या आणि वापरताना आळीपाळीने बदलायच्या.

दुसऱ्या दिवशी ऊन पडले आणि अस्पर्श, भुसभुशीत बर्फ समोर होता. अशा उतारावर एकच टेक मिळतो. स्नोबोर्डर एकदा खाली गेला की त्याची रेघ उमटते, आणि दुसऱ्या टेकला ती चौकटीत असते. त्यामुळे आम्ही पायी जाताना चौकटीच्या बाहेरून, झाडांच्या मागून वळसा घेत होतो, आणि कुणाचाही पाय चुकीच्या जागी पडू नये म्हणून गाइड पुढे चालत होते. मी एक्स्पोजर वेव्हफॉर्मवर, म्हणजे चौकटीतल्या उजेडाच्या आलेखावर, पाहून ठरवले, गच्चीवरची रेघ आठवत. सेकंदाला ५० फ्रेम, शटर १/१०० सेकंद, लेन्सचे छिद्र एफ ८, आणि तरीही लेन्सपुढे प्रकाश कमी करणारा सहा स्टॉपचा एनडी फिल्टर लागला, इतका उजेड होता. फोकस मी हातानेच ठेवला, कारण वळणावर उडालेला बर्फाचा फवारा स्नोबोर्डरला पूर्ण झाकतो आणि ऑटोफोकस त्या फवाऱ्यालाच धरून बसतो. चार उतार, चार टेक. त्यांपैकी अडीच वापरण्याजोगे. अडीच म्हणते, कारण एका टेकमध्ये शेवटच्या वळणाला मी कॅमेरा वळवताना मागे पडले, आणि ती चूक माझी होती.

उडीसाठी किकर, म्हणजे बर्फाचा चढता ओटा, त्या मुलाने आणि दोन गाइडनी फावड्यांनी अर्धा दिवस खपून रचला आणि रात्रभर घट्ट होण्यासाठी सोडून दिला. कॅमेऱ्याची जागा छातीच्या दिशेने आधीच ठरवली होती. त्या जागेवरून पाहता फवारा चमकायचा तर सूर्य किंचित मागे हवा, आणि उताराची पोत दिसायची तर तो खाली तिरका हवा. या सगळ्या अटी जुळणारा वेळ रोज सुमारे दीड तासाचा होता. हेल्मेटशिवाय चेहरा चांगला दिसेल, अशी सूचना मॅडमनी केली. मी स्पष्ट नकार दिला. एक तर तो मुलाच्या डोक्याचा प्रश्न होता. शिवाय १९८५ पासून काम करत असलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेची संहिताही सबळ कारणाशिवाय धोकादायक कृती किंवा सुरक्षिततेविषयी बेपर्वाई दाखवू देत नाही. मॅडमनी ते लगेच मान्य केले.

दीड तासात सात उड्या झाल्या. पहिल्या तीन त्याने अंदाज घेण्यासाठी मारल्या. चौथीत तो पाठीवर पडला आणि उठून हात हलवेपर्यंत आम्हा सर्वांचा श्वास अडकला. सहावी उडी ती होती. सेकंदाला १०० फ्रेमने घेतलेल्या त्या शॉटमध्ये तो १.२ सेकंद हवेत आहे, म्हणजे १२० फ्रेम. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर त्या पूर्ण संथ गतीने चालवल्या तर ४.८ सेकंद होतात. ३० सेकंदांच्या जाहिरातीत त्या एका उडीला जवळजवळ सहावा हिस्सा द्यावा लागणार, हे गणित मी तिथेच, हात थरथरत असताना, वहीत लिहून ठेवले.

पुण्यात परतल्यावर फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवल्या, प्रॉक्सी, म्हणजे संकलनासाठीच्या हलक्या प्रती, तयार केल्या आणि वर्गवारी दिवसांनुसार न करता प्रवासाच्या दिशेनुसार आणि प्रकाशानुसार केली. कृतिप्रधान दृश्यांच्या संकलनात ही वर्गवारी फार उपयोगी पडते, कारण डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या तीन शॉटनंतर एखादा उलट जाणारा आला की पाहणाऱ्याला तो परत फिरला असे वाटते. पहिला रफ कट, म्हणजे कच्चे संकलन, ५२ सेकंदांचा झाला. त्यात झाडांमधला एक सुंदर शॉट उलट दिशेचा होता आणि तो सोडवत नव्हता, म्हणून मी तो आरशासारखा फिरवून टाकला. जॅकेटचे बोधचिन्ह त्यात दिसत नव्हते, त्यामुळे कुणाला कळणार नाही असे वाटले. तो कट मी गुलमर्गला त्या मुलाला पाहायला पाठवला. अर्ध्या तासात त्याचा निरोप आला की अकराव्या सेकंदाला आहे तो मी नाही, माझा उजवा पाय कधीच पुढे नसतो. ज्याने माझ्यासाठी सात उड्या मारल्या त्याचे शरीरच मी बदलून टाकले होते. शॉट त्याच दिवशी काढला. हा खेळ ओळखणारा प्रत्येक प्रेक्षक ते पकडणारच होता, ही गोष्ट वेगळीच.

रंगकामात दोन दिवस फक्त पांढऱ्या रंगावर गेले. उन्हातल्या बर्फाच्या सावल्या निळ्या असतात, कारण तिथे सूर्याचा नव्हे, आकाशाचा प्रकाश पोचतो. तो निळा पूर्ण काढून टाकला की उन्हातला भाग पिवळट, जुन्या वर्तमानपत्रासारखा दिसू लागतो; म्हणून सावलीत थोडा निळा राहू दिला आणि उजळ भाग अगदी वरच्या मर्यादेच्या जरा खाली थांबवला, म्हणजे रेघ जिवंत राहील. जॅकेट झेंडूच्या रंगाचे होते. त्याला वेगळा उठाव देण्याची गरजच पडली नाही.

आता आवाज. जागेवरचा आवाज वाऱ्याने भरलेला होता आणि माइक आपणच सोडला होता. भुसभुशीत बर्फ दाबला जातो त्याचा आवाज कॉर्नफ्लोअरने काढण्याची ध्वनिकारांची जुनी रीत आहे. मांजरपाटाची जाड पिशवी शिवून घेतली, तिच्यात दोन किलो कॉर्नफ्लोअर भरले, आणि पहाटे चार वाजता, कर्वे रस्त्यावरची वाहतूक थांबलेली असताना, खिडक्यांना गाद्या लावून ती पिशवी माइकपुढे दाबली. हळू दाबली तर पाऊल, दोन्ही मुठींनी पिळत नेली तर वळण. पण घट्ट झालेल्या किकरवरून बोर्डची पोलादी कड घासते तो खरखरीत आवाज पिशवीतून येईना. तो अखेर सारसबागेजवळच्या एका गोळेवाल्या काकांकडे मिळाला. बर्फाची लादी रंध्यावर जोराने ओढली की जो चर्र आवाज येतो, तो थोडा खालच्या स्वरात नेल्यावर किकरवरच्या शेवटच्या अर्ध्या सेकंदाला तंतोतंत बसला. काकांनी अर्धी लादी माझ्यासाठी किसली आणि तिचे पैसे घ्यायला ते तयार होईनात. हवेतल्या काळासाठी मी काहीच ठेवले नाही, संगीतही थांबवले. फक्त बाहीचे कापड फडफडते. मग उतरताना पिशवी मी फरशीवर पूर्ण वजनाने आपटली.

ग्राहकाच्या कार्यालयात कट दाखवला तेव्हा अपेक्षित सूचना आलीच: उडीच्या मध्यावर बोधचिन्हाचा क्लोजअप घाला, उतरणे तीन सेकंद खाते आहे. मी वाद घातला नाही. दोन आवृत्त्या नेल्या होत्या, त्यांची आणि माझी, आणि माझ्या आवृत्तीत उतरण्याच्या जागी फ्रेम थांबवली. बोर्ड बर्फाला टेकतो, गुडघे छातीपर्यंत दुमडतात, जॅकेटची कंबरेपासून कॉलरपर्यंत एकच खोल घडी पडते, आणि पुढच्या वीस फ्रेममध्ये तो उभा राहताना ती घडी उघडते आणि पाठीवर साचलेला बर्फ एकही ठिपका न ठेवता घसरून जातो. त्यांच्या नमुना विभागातले एक ज्येष्ठ शिंपी मागे उभे होते. "घडी बघा, शिवण कुठेही ताणली नाही," असे ते स्वतःहून म्हणाले. क्लोजअप शेवटच्या चार सेकंदांत गेला. आणखी एक बदल मीच मागितला: निवेदनातला उणे तापमानाचा आकडा चाचणीचा अहवाल हातात येईपर्यंत वगळायचा. अहवाल आला नाही, आकडा गेला.

मोबाइलसाठीच्या उभ्या आवृत्तीत अधिक त्रास झाला. ३८४० बाय २१६० च्या आडव्या चौकटीतून उभा काप घेतला तर १२१५ पिक्सेलची रुंदी उरते. वळणे त्यातून बाहेर पडतात, उडी मात्र उंच असल्याने छान मावते. म्हणून १५ सेकंदांच्या उभ्या आवृत्तीत वळणे जवळजवळ काढून टाकली आणि उडी संथ न करता मूळ वेगाने ठेवली. मला ती मुख्य आवृत्तीपेक्षा किंचित अधिक आवडते.

मुख्य मास्टर, म्हणजे अंतिम प्रत, सेकंदाला २५ फ्रेमने ३० सेकंद, म्हणजे ७५० फ्रेमचा गेला. त्या मुलाला तो पाठवला आणि सोबत सहाव्या उडीचा मूळ, रंग न केलेला शॉटही दिला, कारण तो त्याने मागितला होता. पुढच्या हिवाळ्यासाठी दुसऱ्या एका कंपनीचे काम आले आहे. त्याच्या शॉट-डिव्हिजनच्या तक्त्यात पहिलाच स्तंभ मी नव्याने आखला आहे: स्नोबोर्डरचा पुढचा पाय कोणता. त्यापुढे दिशा, मग सूर्याची वेळ, आणि हे तीन भरल्यानंतरच कॅमेऱ्याची जागा.